बिब्बा उतला कामाकुरात

जपानला निघालो तेव्हा इंदूर एअरपोर्टच्या गेटवर मी नकलाच करून राहिलो होतो. आधी अनाउन्समेंटवाल्या मॅडमची, मग सुदामा नगरातल्या एकेका काकांची. आई हसता हसता रडली. बाबा सांवेर रोडला फॅक्टरीत फोरमन. ते एवढंच म्हणाले, "तिकडे जरा शहाण्यासारखा रहा हो, भिया." भिया म्हणजे आमच्या इंदुरात भाऊ. बाबा मला भिया म्हणाले की समजायचं, आता रुमाल काढणार.

जपानमध्ये मशीनवरचा जॉब मस्त, पण नकलांचं मार्केट एकदम ठप्प. नक्कल करणार कोणाची, आणि हसणार कोण? खरं सांगतो यार, बॅग भरून परत यायचं जवळपास पक्कं झालं होतं.

तेवढ्यात कामाकुरात दर शनिवारचा एक क्लास सापडला. लाकडाच्या थाळीवर फुलंपानं कोरायची, वर एका झाडाच्या चिकाचं रोगण, थरावर थर. खाली काळं, वर लाल. ते पुरतं वाळायच्या आत वरून बारीक भुकटी टाकायची. ती खाचांत बसते आणि नवी कोरी थाळी पणजीच्या रुखवतातली वाटायला लागते. वाळवायचं ते पण दमट कपाटात! गच्चीवर पापड राखलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागला.

शिकवणाऱ्या सेन्सेई सत्तरीच्या. माझं काम बघून नुसतं "हूंऽऽम" करायच्या. एकदा मी ते हुबेहूब करून दाखवलं. बाकीच्यांनी माना थाळीत घातल्या. मग सेन्सेईच पोट धरून हसल्या. त्यानंतर मी शनिवारसाठीच जगत होतो.

मग पहिल्यांदा चीक हाताळला, आणि तोंडाची झाली मावाबाटी, आमच्याकडचा तो जाडजूड गुलाबजाम. लाल, सुजलेलं, आणि खाज अशी की विचारू नका. सेन्सेई म्हणाल्या, "खूप जण इथेच सोडतात. तू सोडलंस तरी मला राग नाही."

पण मला तर ती एकच जागा होती, जिथे मी मी होतो!

आईच्या व्हिडिओ कॉलवर तोंड लपवलं, पण पकडला गेलो.

"लाईट लाव. इकडे बघ. अरे, बिब्बा उतलाय तुला!"

"आई, जपानात कुठला बिब्बा?"

"तुझा मामा महूला बिब्बे फोडायला बसला होता, शहाणा. असंच थोबाड झालं होतं. डॉक्टरला दाखव, खोबरेल लाव, खाजवू नको."

"आणि क्लास?"

"तो कशाला सोडायचा? हातमोजे घाल ना!"

नंतर शोधलं तर खरंच, बिब्ब्याचं झाड आणि हे चिकाचं झाड, दोन्ही एकाच खानदानातली. सेन्सेईंना मी हे आईच्याच आवाजात, हातवाऱ्यांसकट सांगितलं. त्या खूश. त्या पण काम झाल्यावर हात तेलानेच पुसतात. मी टिकलो.

परवा क्लासमधल्या एका नव्या मुलीचा चेहरा सुजला. सेन्सेईंनी सरळ माझ्याकडे बघितलं, "आईला फोन लाव." आई स्क्रीनमधून ओरडून राहिली, "खुजाना मत बेटा!" ती मुलगी काही न कळता मान हलवून राहिली. मी मध्ये उभा राहून भाषांतर करतोय, तर इकडून सेन्सेई आणि तिकडून आई, दोघी मलाच म्हणतात, "जरा बाजूला हो, दिसत नाहीये."

तेव्हा कोणी विचारलं असतं ना, भिया, घर कुठे तुझं, तर मी म्हणालो असतो: थांब, आधी बाजूला होऊ दे, दोन्ही घरून ओरडा पडतोय.