बंड्याचे कान

"मैडम, बाकी सब छोड़िए. बस इतना बता दीजिए, ये पिटबुल है कि नहीं?"

तिवारीजी टेबलापासून चांगले चार हात लांब, दाराला पाठ लावून उभे होते. टेबलावर कुत्रा होता. तोंडाला जाळी बांधलेली, तरी माझ्या मनगटाचा वास घेत शेपूट हलवत होता. त्याच्या शेजारी पट्टा दोन्ही हातांनी धरून वानखेडे काका उभे. काका रेल्वेत गार्ड होते. मूळचे अकोल्याकडचे, नोकरीमुळे रायपूरला आले आणि इथलेच झाले. काकू गेल्यापासून घरात एकटे. म्हणजे ते आणि हा कुत्रा.

मी जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरीत गाई-म्हशींत आयुष्य गेलं, आता समता कॉलोनीत छोटंसं क्लिनिक चालवते. तिवारीजी ज्या कॉलनीच्या समितीचे सेक्रेटरी, तिचं नाव मुद्दाम सांगत नाही. रायपूर राजधानी झालं, तशा शहरात मोठ्या गाड्या आल्या आणि त्यांच्यामागोमाग मोठे कुत्रे. त्यामुळे कुत्र्यांवरून भांडणाऱ्या कॉलन्या आता बऱ्याच आहेत.

झालं होतं ते असं. काकांच्या शेजारी साहू राहतात. त्यांची पिहू तिसरीतली. शाळेतून येताना रोज फाटकाच्या गजांतून हात घालून ती या कुत्र्याला कुरवाळायची. त्या दिवशीही घातला, आणि कुत्र्यानं हात धरला. टाके पडले, इंजेक्शनं सुरू झाली. समितीनं ठरवलं की कुत्रा पिटबुल असेल तर कॉलनीत राहणार नाही. पिटबुल नसेल तर बसून बोलू. जात मी सांगायची.

"तिवारीजी, आप बाहर बैठिए," मी म्हटलं. "तुम्ही घाबरलात की तो घाबरतो."

ते गेले. काका लगेच खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, काही करा जी. बंड्या गेला तं घरात बोलायचं कोनासंग?"

बंड्या हे काकांनी ठेवलेलं नाव. मुलानं ठेवलेलं नाव डेव्हिल. कुत्रा मुलानंच आणला होता, कॉलेजात असताना. मग मुलगा पुण्याला नोकरीला गेला आणि डेव्हिलचा बंड्या झाला.

आता जातीचं सांगते. पिटबुल आणि स्टॅफी, म्हणजे स्टॅफर्डशायर बुल टेरिअर, हे सख्खे चुलतभाऊ. दोघांचं मूळ इंग्लंडातलं, बुलडॉग आणि टेरिअर यांच्या संकरातलं. एक घराणं तिथेच राहिलं. दुसरं अमेरिकेला गेलं, तिथे लोकांनी त्याला उंच आणि लांब केलं. दोघांची छाती रुंद, कातडी ताणलेली, जबडा मोठा. रस्त्यावरून जाणारा माणूस दोघांत फरक करूच शकत नाही. पण टेप लावला की कळतं. स्टॅफी बुटका, खांद्याशी माझ्या गुडघ्याच्या आसपास येणारा. पिटबुल त्याहून उंच, पायांवर मोकळा. स्टॅफीचं डोकं आखूड, रुंद, गालाचे स्नायू असे फुगलेले की तोंडात लाडू धरलाय वाटावं. शेपूट आखूड, बोरिंगच्या, म्हणजे हातपंपाच्या दांड्यासारखी खाली येऊन जराशी वळलेली. आणि कान. स्टॅफीचे कान छोटे, मागे दुमडून पडलेले. पिटबुलचे बरेच मालक कान कापून उभे करतात. चेहरा उग्र दिसावा म्हणून, दुसरं काही नाही.

मी टेप लावला. उंची स्टॅफीची. डोकं स्टॅफीचं, शेपूट स्टॅफीची. कागदपत्रं नसताना शंभर टक्के कोणी सांगत असेल तर तो थापा मारतोय, पण माझ्या मनात शंका उरली नव्हती.

फक्त कान पिटबुलचे होते. ताठ, टोकदार.

मी डाव्या कानाकडे हात नेला. तोवर शेपूट हलवणारा कुत्रा एकदम लाकडासारखा झाला आणि घशातून बारीक गुरगुर आली. काकांनी त्याचं डोकं छातीशी घेतलं, तेव्हा कुठे मला बघता आलं. बघितलं आणि माझं डोकं फिरलं. कान कापले नव्हते, कातरले होते. कडा वेड्यावाकड्या. मुळाशी जाड वण, त्याखाली पू. कुर्चा, म्हणजे कानातलं मऊ हाड, एका जागी उघडी पडलेली. कोणीतरी भूल न देता कात्री चालवली होती आणि ती जखम इतकी वर्षं आतून धुमसत होती.

"काका, हे कोणी केलं?"

काका बंड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"मी गावाले गेलो होतो. परत आलो तं बंड्याचे कान नव्हते. पोट्टा म्हने, बाबा, असंच ठेवतात, आता कसा डेंजर दिसते पाहा. कोन्या दोस्ताकडून करून आनलं म्हने. महिनाभर हा पोट्टा... म्हंजे हा बंड्या, पलंगाखाली बसून राहिला."

"आणि तुम्ही मला आता दाखवताय?"

"आंघोळ घालतानी डोकं सोडून घालतो मी. हात लावू देत नाही. मले वाटलं, सवय असन त्याची."

सवय! कपाळ माझं. पण चिडून काय उपयोग, तो माणूस अजून बंड्याची पाठ थोपटत होता.

मला आता सगळं लख्ख दिसत होतं. पोरीनं आजवर पाठ कुरवाळली असेल, नाक कुरवाळलं असेल. त्या दिवशी हात कानाला लागला. चावा जातीचा नव्हता, दुखण्याचा होता. आणि दुखणं बरं होण्यासारखं होतं. एक ऑपरेशन, थोडी औषधं. हे मी समितीसमोर मांडलं की बंड्या वाचला, असं मी धरून चालले. काकांना तसं बोललेही.

"आणि फाटकावरची ती पाटी तेवढी काढा," मी बजावलं. त्यांच्या फाटकावर लाल अक्षरांत 'पिटबुल से सावधान' असं लिहिलं होतं, वर उघड्या जबड्याचं चित्र. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

"पोट्ट्यानं लावली आहे जी ते," काका म्हणाले. "राहू द्या."

रविवारी सकाळी कॉलनीच्या बगिच्यात बैठक झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, वीसेक माणसं. साहू पुढच्या रांगेत होते. पिहू हाताला पट्टी बांधून आईच्या मांडीवर. बंड्याला काकांनी घरी कोंडून ठेवलं होतं.

मी उभी राहिले. पिटबुल नाही, हे सांगितलं. टेप, डोकं, शेपूट, सगळं समजावलं. मोबाइलवर दोन्ही जातींचे फोटो दाखवले. लोकांनी मोबाइल हातोहात फिरवला. सरकारी नोकरीत मला इतकं नीट कोणी कधी ऐकलं नव्हतं. तिवारीजी सुद्धा म्हणाले, "मैडम एक्सपर्ट हैं. उन्होंने बोल दिया तो नहीं है पिटबुल. ठीक है."

काकांनी माझ्याकडे पाहून हात जोडले. मला वाटलं, जमलं.

मग साहू बोलले. आवाज चढवला नाही त्यांनी. "मैडम, पिटबुल नहीं है, मान लिया. तो फिर मेरी बच्ची को काटा काहे? वो तो बस कान सहला रही थी."

बगिच्यात कुजबुज सुरू झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "पिटबुल होता तो समझते, उसकी जात ही ऐसी है. ये तो मतलब कुत्ता ही खराब है." उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी जातीवरचा आळ काढला आणि तो सरळ बंड्यावर जाऊन बसला. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पण माझ्याकडे उत्तर तयार होतं. मी कानांचं सांगितलं. कापल्याचं, पिकल्याचं, वर्षानुवर्षं ठणकत असल्याचं. कोणालाही तिथे हात लागला तर तो चावणारच, तुमचा दुखरा दात कोणी दाबला तर तुम्हीही ओरडाल. ऑपरेशन मी करते, फी नको. महिन्याभरात पिहू त्याचा कान धरून ओढेल.

साहूंच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. "हाय दाई! बेचारा," ती म्हणाली. हवा फिरली होती. खरंच फिरली होती.

"कान काटना तो जुर्म है ना, मैडम?" साहूंनी विचारलं.

"है."

"तो किसने कटवाए? उसी के कारन तो मेरी बच्ची का हाथ गया. मैं उस पर रिपोर्ट लिखाऊंगा. कुत्ते पर नहीं, उस आदमी पर."

वीस माणसांनी काकांकडे पाहिलं. काका खुर्चीवरून उठले. गार्ड गाडीला झेंडी दाखवायला उभा राहतो तसे ताठ.

"मैंने कटवाए," काका म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काका, काय बोलून राहिले तुम्ही?" मीही त्यांच्याच बोलीत घसरले. मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, "इन्होंने नहीं कटवाए. ये तो गांव गए थे. मुझे खुद बताया है."

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "मॅडमले काय मालूम? मॅडम होत्या काय तिथं?" आणि मग हिंदीत, तिवारीजींना, "मेरा कुत्ता है. मैंने कटवाए. शौक था."

शौक! ज्या माणसानं आयुष्यात पानसुद्धा खाल्लं नाही, त्याचा शौक. पण घटकेपूर्वी माझा शब्द न् शब्द झेलणारे लोक आता माझ्याकडे, ही बाई म्हाताऱ्याला वाचवायला खोटं बोलते आहे, अशा नजरेनं बघत होते. मुलाचं नाव माझ्या ओठावर होतं. मी ते घेतलंही. तिवारीजींनी मान हलवली. "मैडम, वो खुद बोल रहे हैं. आप काहे बेटे को घसीट रही हैं? वो तो यहां है भी नहीं."

पुढचं फार वेळ चाललं नाही. साहूंनी रिपोर्ट लिहवला नाही, म्हाताऱ्या माणसावर काय पोलीसकेस करायची म्हणाले. पण ज्यानं मुक्या जनावराचे कान कापवले, त्याच्या घरी जनावर ठेवायचं नाही, यावर अख्खी कॉलनी एक झाली. ज्या बाईंना बंड्याची दया आली होती त्याच सगळ्यांत पुढे होत्या. दयेपोटीच. एका प्राणीसंस्थेला फोन गेला. दुसऱ्या दिवशी गाडी आली, आणि बंड्या त्यांच्या माणसांबरोबर शेपूट हलवत गाडीत चढला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर संन्यासी स्वतःच जाऊन उभा राहिला.

मी पुण्याला फोन लावला. काहून नाही लावायचा? मुलाला सगळं सांगितलं, मराठीत. तो हिंदीत बोलला. इकडच्या मराठी घरांतली पोरं समजतात मराठीत, उत्तर देतात हिंदीत.

"आंटी, मुझे क्या पता था इन्फेक्शन होगा. सब कटवाते हैं."

"तू तिवारीजींना एक फोन कर. एवढंच सांग की बाबांनी नाही कापले. कुत्रा परत मिळेल त्यांना."

मागे ऑफिसातले आवाज येत होते.

"पापा ने जब बोल ही दिया है, तो अब मैं क्या बोलूं?" तो म्हणाला. फोन त्यानंच ठेवला.

बंड्याचं ऑपरेशन मी केलं, संस्थेत जाऊन. त्यांची जागा नव्या रायपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. जाळीची कुंपणं, वर पत्रे. काकांना तिथे भेटायची परवानगी नव्हती. जनावराला त्रास देणाऱ्या मालकाला ते भेटू देत नाहीत. नियम चांगला आहे, मी असते तर मीही तोच केला असता. मी पट्टी बदलायला जायची तेव्हा काका माझ्याजवळ पोळी द्यायचे, गुळाचा खडा घालून गुंडाळलेली. बंड्या ती हुंगायचा. खाण्याआधी माझ्यामागे, फाटकाकडे बघत राहायचा. मला तिथे उभं राहवायचं नाही.

कान बरे झाले. मी बोटांनी चोळले तरी डोळे मिटून पडून राहायला लागला. असा कुत्रा संस्थेत फार दिवस राहत नाही. बिलासपूरकडचं एक कुटुंब येऊन त्याला घेऊन गेलं.

हे सांगायला मी काकांकडे गेले. त्यांनी दार उघडलं, आत बोलावलं, चहा ठेवला. बंड्याची वाटी ओट्यावर पालथी घातलेली होती.

"कान बरा झाला काय?"

"झाला. आता कोणीही हात लावू शकतं."

"मंग बरं झालं," काका म्हणाले. मग चहा गाळता गाळता म्हणाले, "मी कधीच नाही लावला जी. आंघोळ घालतानी पन नाही."

रडले नाहीत. मीच रडले, तिथेच, ओट्याजवळ. मला राग आला होता त्यांचा, त्यांच्या मुलाचा, आणि माझ्या हुशारीचा. कानांबद्दल मी गप्प राहिले असते तर एक खराब कुत्रा म्हणून तरी बंड्याला काकांजवळ चार दिवस मुदत मिळाली असती.

निघताना फाटकाशी थांबले. पाटी तशीच होती, लाल अक्षरं, उघडा जबडा. कुरिअरवाला अजून बाहेरूनच हाक मारतो, काका सांगत होते.

"काका, आता तरी काढा ही. घरात कुत्रा आहे कुठे?"

"असू द्या," काका म्हणाले. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं पाटीवरची धूळ पुसली. "पोट्ट्यानं लावली आहे."

कुत्र्याची जात विचारायला लोक अजूनही येतात. मी टेप लावते, सांगते. कान कापलेले दिसले तर कोणी कापले तेही विचारते आणि केसपेपरवर लिहिते. मात्र बाप 'मी' म्हणाला, तर ते लिहून घेत नाही.