यवतमाळ ते फुलसावंगी: एस.टी.त ऐकलेला गाझाचा प्रश्न

एस.टी.चं जाण्यायेण्याचं तिकीट पाचशे साठ. नाश्ता, चहा आणि विलासच्या पोरीसाठी पेढे मिळून तीनशे. मी दोन दिवस साइटवर नव्हतो, तेवढ्यात एका बाथरूमचा उतार उलटा गेला आणि पाणी दाराकडे धावायला लागलं. ते उकरून पुन्हा बसवायला चार हजार. म्हणजे फुलसावंगी मला जवळजवळ पाच हजारांत पडली. तुम्ही फरशीचे ठेकेदार नसाल तर नऊशेत आरामात होईल.

निघायचं कारण फुलसावंगीचा विलास. बारा वर्षं माझ्याकडे फरशी बसवतो, हात असा की सांध्यात केस घालायला जागा नाही. त्याने इस्राएलमधल्या बांधकामासाठी चाचणी दिली, पास झाला, आणि शुक्रवारपर्यंत पासपोर्ट जमा करायचा होता. मी बुधवारी निघालो, त्याला थांबवायला. स्वार्थ होताच, लपवत नाही. पण सांगणार काय? गाझाच्या लढाईत आपल्या देशाने कोणाच्या बाजूने बोलावं, आपले कारागीर तिथं धाडावेत का, यावर माझंच मत पक्कं नव्हतं. म्हटलं, वाटेत लोकांना विचारत जाऊ. मुद्दे फुकट मिळतील.

सकाळी साडेसहाची दिग्रस गाडी पकडा, खिडकी मिळते. दारव्ह्यापर्यंत दोन्ही बाजूंना तूर आणि वेचणीला आलेला कापूस. माझ्या पुढच्या बाकावर एक निवृत्त मास्तर आणि एक कापसाचे व्यापारी. मी फक्त विचारलं, "इस्राएलबद्दल आपण काय करावं हो?" मग दिग्रसपर्यंत मला तोंड उघडावं लागलं नाही.

"अडचणीच्या टायमाले हत्यारं त्याईनं देल्ली," व्यापारी म्हणाले. "ठिबक त्याईनं दाखवलं. दोस्ताले सोडाचं कायले?"

"सोडा म्हणून कोण म्हणते शेठ? पण आपणही परक्याच्या राज्यात राह्यलेले लोक. पॅलेस्टाईनले त्याईचा देश भेटला पाह्यजे, हे आपण पयलेपासून म्हणत आलो. आता आवाज काहून बसला?"

"म्हणतोच ना आपण! दोन्ही म्हणतो!"

"मंग मी काय वेगळं सांगून राह्यलो?"

कंडक्टर मागून ओरडला, "काका, तिकीट दिग्रसपर्यंतचंच हाय. तोवर मिटवा!"

दिग्रसला उतरल्यावर तर्री-पोहे खा, सकाळी दहाच्या आत. नंतर तर्री पातळ होते. टपरीवर टायरचं दुकान चालवणारे सलीमभाई भेटले. त्यांना तोच प्रश्न टाकला.

"युनोत ठरावाच्या वक्ताले आपलं सरकार कधी हात वर करते, कधी खिशात ठेवते," ते म्हणाले. "लेकरं मरून राह्यली भाऊ. हात खिशात राह्यते कसा?"

पोहे वाढणाऱ्या मावशीने झारा थांबवला. "अन् पयले घरात घुसून ज्याईले मारलं, ज्याईले धरून नेलं, ते कोणाचे लेकरं नोयते काय?"

"होते, मावशी. मी कुठी नाई म्हणलो?"

मावशीने त्यांच्या ताटलीत आणखी तर्री ओतली.

बसवलेल्या फरशीवर आम्ही नाणं वाजवतो. खाली पोकळी असेल तर आवाज सांगतो. माणसांच्या मतांनाही मी तसंच वाजवून बघतो. त्या दिवशी टीव्हीवरून जशीच्या तशी उचललेली पोकळ मतं मला बरीच भेटली, पण या टपरीवरची दोन्ही भरीव होती. अडचण एवढीच की विलासला थांबवायला त्यातलं एकही उपयोगी नव्हतं.

दिग्रसहून पुसद, तिथून महागावमार्गे फुलसावंगी. पुसदच्या स्टँडवर पुढच्या गाडीची वेळ आधी विचारा. मी विचारली नाही, दीड तास शेंगदाणे खाल्ले.

विलास दारातच होता. "जय भीम भाऊ! तुम्ही इकडं कुठं आलते?"

"तुझ्याकडंच."

त्याची बायको संगीता चहा घेऊन आली, तेव्हा मी प्रवासात जमवलेली सगळी मतं मांडली. शस्त्रं, ठिबक, ठराव, दोस्ती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सरकारले दोघायसंग दोस्ती परवडते, भाऊ. मले नवरा एकच हाय." पण पुढे हळूच म्हणाली, "पगारही तेवढाच मोठा हाय. पोरीचं नर्सिंग त्यात होते. मी 'जा'ही म्हणत नाई, 'नका जाऊ'ही म्हणत नाई."

मी विलासकडे पाहिलं. तो अंगठ्याने कपाची कड पुसत होता.

"भाऊ, लढाईले मी भेत नाई. चाचणीच्या जागी एक जण सांगत होता, तिथं पयले हे काम पॅलेस्टाईनचे मिस्त्री करत. लढाई लागली अन् त्याईचे परवाने बंद केले. अर्धी कामं तशीच पडून हायत." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "दुसऱ्याच्या अर्ध्या फरशीले हात लावाच्या आंधी आपण काय करतो?"

आमच्या धंद्यातली जुनी रीत आहे. आधीच्या मिस्त्रीला फोन करायचा. 'बाबा, तुझं काम मी उचलू काय? मनात काही राह्यलं नाई ना?' तो हो म्हणाल्याशिवाय थापीला हात नाही. विलासला ही रीत मीच शिकवली. पस्तीस वर्षांत माझ्या साइटवर ती एकदाही मोडली नाही, हे मी त्याला तिथंच छाती पुढे काढून सांगितलं.

"मंग तिथं कोणाले फोन लावू, भाऊ?"

मी पेढ्यांचा पुडा संगीताच्या हातात दिला. रात्री वांग्याची भाजी-भाकर झाली. सकाळच्या गाडीने मी परत निघालो. कोणतंही वचन न घेता.

घरी आल्यावर माझं मत बदललं का, असं बायकोने विचारलं. बदललं नाही, पण आता परराष्ट्र धोरण म्हटलं की मला दिल्ली दिसत नाही. कुठल्यातरी मजल्यावर अर्ध्यात सोडलेली फरशी दिसते आणि परवाना बंद झालेला तिचा मिस्त्री.

शुक्रवारी संध्याकाळी विलासचा फोन आला. पासपोर्ट दिला नाही म्हणाला. संगीता रडली, कशासाठी ते त्याला कळलं नव्हतं. पोरीच्या फीचं आपण बघू, असं मी म्हणालो.

"बरं भाऊ. सोमवारी येतो. चाचणीले जाताना दिग्रसच्या साइटवरचा हॉल अर्धा सोडलता, तो पयले पुरा करतो."

तो हॉल पुरा झाला होता. घरमालकाला घाई होती, म्हणून मी आठवडाभर आधीच दुसरा मिस्त्री लावला होता. विलासला कोणी फोन केला नव्हता.