राब भाजण्याआधीची हाक

रसायनीतल्या आमच्या कारखान्याच्या क्लाउडवरच्या जुन्या फायली साफ करायला कर्जतकडची ती बाई एकदाच आली. नाव विचारायचं राहूनच गेलं. काहीही डिलीट करण्याआधी ती खुर्चीतून उठायची, ओढणी खोचायची आणि अख्ख्या ऑफिसला हाक द्यायची, "काढतेय हां! कोनाचं काय हाय का यात?"

मी वैतागलो. "बाई, मेल टाका ना!"

"टाकलाय. कोन बघतंय? पेरणीआधी शेतात पालापाचोळ्याचा राब भाजताना बी आमी हाक देतो, सायेब. शेजाऱ्याचं वासरू असतं बांधाला."

तेवढ्यात चहाला आलेला प्लांटमधला एकजण तिची हाक ऐकून धावत आला. निवृत्त ऑपरेटरनं व्हॉल्व्ह कसा बंद करायचा ते दाखवलेला एकुलता एक व्हिडिओ त्यातच होता. नवी पोरं आज तोच बघून शिकतात.

हल्ली मीही उठून हाक देतो. परवा पलीकडच्या टेबलावरून उत्तर आलं, "थांबा सायेब, आमचं वासरू हाय!"