भाऊ नेमका केव्हा गेला

इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांना मी जीवशास्त्र शिकवते. मृत्यूची व्याख्या सांगायला मला दोन मिनिटं पुरायची. पूर्वी हृदय थांबलं की माणूस मेला म्हणायचे. आता मेंदू कायमचा थांबला की म्हणतात, मग मशीनवर हृदय चालू असलं तरी. माणूस म्हणजे त्याचं शरीर की त्याचं मन, हा तत्त्वज्ञानवाल्यांचा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता, आणि मला त्याचं सोयरसुतकही नव्हतं.

मग माझा धाकटा भाऊ मोटारसायकलवरून पडला. तहसील कचेरीत कारकून होता. हेल्मेट गाडीला अडकवायचा, डोक्यात घालायचा नाही. आदिलाबादच्या एका खाजगी दवाखान्यात त्याला मशीनवर ठेवलं. सगळ्या तपासण्या पुन्हा पुन्हा करून डॉक्टर म्हणाले, मेंदू गेला आहे, परत येणार नाही, मशीन काढायची की नाही ते घरच्यांनी ठरवा. वडील नाहीत, भावाचं लग्न झालेलं नव्हतं. घरचे म्हणजे आई आणि मी.

सोबत आलेल्या काकांनी आमच्या गावी, बाजारहत्नूरला फोन लावला. "डॉक्टर नाई म्हून राह्यले," एवढंच बोलले. ऐकणाऱ्यांनी घ्यायचा तो अर्थ घेतला. आमच्या गल्लीत मयत असली की ती उचलेपर्यंत कुणी चूल पेटवत नाही. भरल्या दुपारी सगळ्या घरांच्या चुली विझल्या, लाकडं आली, विहारातून पंचशील म्हणायला माणसं आली, आणि मग फोन सुरू झाले. "कवा आनून राह्यले? लेकरं उपाशी हायेत." मी काचेतून बघत होते. भावाची छाती वर येत होती, खाली जात होती. गालावर दाढीचे खुंट वाढले होते. गावात तो मेला होता आणि इथे त्याची दाढी वाढत होती. मला भीती वाटली. काकांना मी फोन बंद करायला सांगितलं.

आम्हाला आत सोडलं तेव्हा आई त्याच्या छातीवर हात ठेवून बसली.

"गरम हाय. काळीज चालून राह्यलं."

मी तिला व्याख्या सांगितली, वर्गात सांगते तीच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग पानी घालू दे त्याच्या तोंडात."

नर्सने अडवलं. पाणी फुप्फुसात जाईल, म्हणाली.

आईने नर्सकडे पाहिलंच नाही. "मेला म्हन्तं ना तू?" तिने मला विचारलं. "मंग पान्यानं त्याचं काय बिघडन?"

इतकी वर्षं शिकवते, पण हा प्रश्न मला कुठल्याच मुलाने विचारला नव्हता. शेवटी आईच म्हणाली, "तू शिकलेली हायेस. तू म्हन्तं तं काढा मशीन." सगळा भार तिने माझ्या अंगावर टाकला. मी डॉक्टरांना मान हलवून सांगितलं.

मशीनचा आवाज थांबला. थोड्या वेळाने भावाचे दोन्ही हात कोपरात वाकले, गादीवरून उचलले गेले आणि छातीवर आले. क्षणभर तिथेच राहिले, मग बाजूला घसरले. "असं होतं कधी कधी," डॉक्टर म्हणाले. ते मलाही माहीत होतं. मज्जारज्जूची प्रतिक्रिया असते, तिचा मेंदूशी संबंध नसतो. तरी मी भिंतीला टेकले.

आई ओरडली नाही. पडद्यावरची रेघ सरळ होईपर्यंत त्याचा हात धरून बसली. मग माझ्याकडे वळली.

"खरं सांग बाई. हा आत्ता गेला का मघाच गेलता?"

मघाशीच गेला, हे उत्तर मला पाठ होतं. तेच द्यायला मी तोंड उघडलं आणि "आत्ता" म्हणाले.

"मंग आपन मारलं त्याले," आई म्हणाली आणि तिने डोक्यावर पदर घेतला.