दोन नंबर शेडचा म्हातारा
मारुंजीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारे माझे जुने दोस्त आयटीत आहेत. रविवारी भेटलो की क्लाउडवर बोलतात, एआयवर बोलतात, आणि मग कोणीतरी हळूच विचारतं, "भावा, म्हातारा काय म्हणतोय?" म्हातारा म्हणजे माझे वडील नव्हेत. चाकणच्या ज्या कारखान्यात मी संगणक सांभाळतो, तिथल्या दोन नंबर शेडमधला जुना संगणक. त्याचे किस्से इतके साचलेत की ड्रॉवरमधली एक वायर ओढली की सगळा गुंता बाहेर यावा, तसं होतं. दोस्त पोट धरून हसतात. मला हल्ली हसू येत नाही.

कारण सांगतो. त्या शेडमध्ये गिअरचे दात घासून गुळगुळीत करणारं एक अवाढव्य परदेशी मशीन आहे. मशीन ठणठणीत आहे, पण ते फक्त या म्हाताऱ्याचं ऐकतं, दुसऱ्या कुठल्याही संगणकाचं नाही. आमच्या धाकट्या शेठनी स्पष्टच सांगून ठेवलं होतं, की संगणक चालतोय तोवर शेड चालेल, ज्या दिवशी तो बसला त्या दिवशी कुलूप. नवं मशीन ते घेणार नव्हते. आणि शेडला कुलूप म्हणजे सोपानरावांना कुलूप. सोपानराव बीडकडचे, पन्नाशी ओलांडलेले, याच एका मशीनवर अर्धं आयुष्य घालवलेले ऑपरेटर. त्या वयाच्या माणसाला या पट्ट्यात दुसरी कुठलीच कंपनी दारात उभं करत नाही. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

तर एकदा आमच्या एचआरच्या मॅडमनी वीजबचत सप्ताह काढला. राउंडला आल्या, रिकामी खुर्ची आणि चालू संगणक बघितला आणि सरळ मेन स्विच बंद केला. म्हातारा कित्येक वर्षांत बंद झालेला नव्हता. पुन्हा चालू केला तर आतली हार्ड डिस्क फिरेचना. मी मॅन्युअल उघडलं, इंटरनेट पालथं घातलं, आणि शेवटी डिस्क बाहेर काढून तिला बाजूनं एक टपली मारली. फिरली! रिपोर्टमध्ये "टपली मारली" असं लिहिता येईना, म्हणून "मेकॅनिकल रिकव्हरी" लिहिलं. वीजबचतीचं पहिलं बक्षीस मात्र त्या आठवड्यात आमच्याच शेडला मिळालं, कारण तिथे अर्धा दिवस वीजच वापरली गेली नव्हती.

म्हाताऱ्याला नवा प्रोग्रॅम द्यायचा तर फ्लॉपीच लागते. होत्या त्या एकेक करून बुरशी लागून मेल्या. मी पुण्यात जुन्या संगणकांच्या दुकानांतून हिंडलो. एका दुकानदारानं माळ्यावरून धुळीनं भरलेला डबा काढला, आणि कौतुकानं विचारलं, "शूटिंगसाठी पाहिजेत का?" मी हो म्हणालो. खरं सांगायची लाज वाटली. त्यानं डिस्काउंट दिला आणि सिनेमाचं नाव विचारलं.

मग ऑडिट आलं. आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीचा एक तरुण ऑडिटर टॅब्लेट घेऊन फिरत होता. म्हाताऱ्यापुढे थांबला आणि अँटीव्हायरस कधी अपडेट केला ते विचारलं. मी म्हणालो, याच्यावर चालेल असा अँटीव्हायरस आता कोणी बनवत नाही. त्याला ते पटेना. सोपानराव बाजूला उभे होते. ते अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, याला इंटरनेट न्हाई, पेन ड्राइव्हचं भोक न्हाई. व्हायरसनं यावं तरी कुठून?" ऑडिटर हसला, मान डोलावली, आणि टॅब्लेटवर लाल शेरा मारला. खाली लिहिलं, "अँटीव्हायरस तातडीने अद्ययावत करावा." तो शेरा अजून उघडाच आहे. दर महिन्याला मला त्याचा ईमेल येतो.

मशीन बनवणाऱ्यांच्या ऑफिसला फोन लावला, तेव्हा मी मुद्दाम स्पीकरवर टाकला होता. सोपानरावांनाही ऐकायचं होतं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, की सर, तुमच्या प्रॉडक्टचं आयुष्य संपलेलं आहे, त्याला सपोर्ट नाही, सुटे भाग नाहीत, तुम्ही अपग्रेड करा. मागे मशीन धडधडत होतं. सोपानराव फोनकडे वाकून म्हणाले, "ताई, ते चालतंय वं. हा आवाज त्याचाच हाये." ती म्हणाली, सर, आमच्या सिस्टीममध्ये तसं दिसत नाही.

धाकट्या शेठच्या मनात एकदा दया आली. त्यांनी एक नवाकोरा, भारीतला संगणक घेऊन दिला. मी खटपटी करून, ॲडॉप्टर जोडून, जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावर चढवलं. सगळी शेड गोळा झाली. पेढे आणले होते. बटण दाबलं आणि मशीनचं चाक गिअरवर असं काही आदळलं, की गिअरचे दात पडले. झालं होतं असं, की ते सॉफ्टवेअर जुन्या संगणकाच्या चालीनं मोजून थांबायचं. नवा संगणक इतका जलद, की थांबायचं ते थांबलंच नाही. शेठनी तुटका गिअर हातात घेतला आणि मला शांतपणे विचारलं, "याला जरा हळू नाही का करता येणार?" महागातला वेगवान संगणक घेऊन मी पुढचा महिनाभर त्याला मंद कसं करावं हे शोधत होतो. जमलं नाही. पेढे कोणी खाल्ले ते आठवत नाही. पुन्हा म्हाताऱ्यालाच जागेवर बसवलं.

त्या दिवसापासून सोपानराव म्हाताऱ्याला जास्तच जपायला लागले. घरून आणलेल्या सुती फडक्यानं पुसायचे, कोणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. मला ते बघवत नव्हतं. एकदा मी त्यांना मागची बाजू दाखवली. तिथं आगपेटीएवढं एक करड्या रंगाचं खोकं खोचलेलं असतं, त्याला सॉफ्टवेअरची किल्ली म्हणतात. ते काढलं की प्रोग्रॅम उघडत नाही. दुसरं मिळत नाही, बनवणारी कंपनीच उरलेली नाही. मी म्हणालो, "सोपानराव, बाकी काहीही बिघडलं तर बघू. जीव याच्यात आहे."

यंदा खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी सगळी मशीनं पुसून, झेंडूच्या माळा घालून बंद ठेवतात. प्रत्येक शेड आपापलं हत्यार पाटावर मांडते. कोणी पाना, कोणी मायक्रोमीटर, कोणी छिन्नी. दोन नंबर शेड दरवर्षी मायक्रोमीटर मांडायची. शेठ घरच्यांना घेऊन आरतीला आले, मी मागोमाग गेलो.

पाटावर तांब्याचं ताम्हन होतं. त्यात दूध, दही, तूप, मध, साखर. आणि त्यात, वर तुळशीचं पान ठेवलेलं, ते करडं खोकं.

मी धावत जाऊन ते उचललं. पिनांच्या भोकांतून दूध गळत होतं. सोपानराव अंघोळ करून, नवं धोतर नेसून, कपाळाला बुक्का लावून उभे होते. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा चेहरा उतरत गेला. मी खोकं पुसलं, झटकलं, धुतलं, उन्हात धरलं, हेअर ड्रायर मागवून वाळवलं. दुपारी लावून बघितलं. पडद्यावर एकच ओळ आली, की किल्ली सापडत नाही. पुन्हा लावलं, पुन्हा तीच. मला रडू आलं, मी ते लपवलंही नाही.

शेठनी प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि शेडच्या दाराकडे बघितलं.

सोपानराव माझ्याजवळ आले. हात जोडलेलेच होते.

"साहेब," ते म्हणाले, "मंग पूजा कशाची करायची होती?"