बोटीच्या यादीतला मुलगा

वेलदोडा कुटला की अमेरिकेतल्या बॉथेल गावची म्हातारी शेजारीण आठवते. ती पावात वेलदोडा घालायची. नव्वदच्या दशकात मी तिथे मुलाकडे राहत होते. शेजारणीचे आजोबा नॉर्वेहून बोटीने आलेले. त्यांचं गाव कोणतं, हे मरण्याआधी कळावं एवढाच तिला ध्यास होता. एकदा सून आम्हा दोघींना लायब्ररीत घेऊन गेली. अंधाऱ्या खोलीत मशीनच्या पडद्यावर बोटींच्या प्रवाशांच्या जुन्या याद्या पाण्यासारख्या संथ सरकत होत्या आणि मला गुंगी येत होती. आडनाव काही सापडेना. मी म्हटलं, "बापाच्या नावाने बघा." सून म्हणाली, "आई, सरनेमनेच सर्च करतात." "तू मिरवतेस ते सरनेम तुझ्या आजेसासऱ्यांनी गावाच्या नावाला 'कर' जोडून केलंय. त्याआधी नुसतं अमक्याचा तमका. विचार तिला, आजोबांच्या बापाचं नाव काय." सुनेने विचारलं. पणजोबांचं नाव म्हातारीला पाठ होतं. तासाभराने आडनावाच्या जागी 'अमक्याचा मुलगा' असं बापाचं नाव लावलेले आजोबा सापडले. वय एकोणीस, आणि पुढे गावाचं नाव. म्हातारीने पडद्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटली. "म्हणतात, किती लहान आहे हा," सुनेने सांगितलं. आता मी तिच्या वयाची झाले. माझ्या आजोबांचं नाव मला येतं. आजीचं कधी विचारलंच नाही, आणि ते कुठल्याच यादीत नाही.