मामाजींसमोर चालवलेली इंजिनाची सायकल

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. नंतर ठसका लागला तर माझ्या नावानं बोंबलू नका!

तेव्हा मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवत होतो. सासरे अकोल्याचे, कापसाचे अडते. त्यांनी, म्हणजे आमच्या मामाजींनी, प्रेमानं फटफटी घेऊन देतो म्हटलं. आणि मी? "मामाजी, इकत काहून घेता? मी बनवतो ना!" कुठून सुचलं हो हे शहाणपण!

कौंडण्यपूरच्या जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. त्याच्या जनरेटरचं मोडकं इंजिन मी भंगारातून उचललं, दुरुस्त केलं आणि सायकलच्या दांडीखाली बसवलं. पण जागाच पुरेना! इंजिनाची साखळी पेडलच्या साखळीला घासायची. पेडल बाहेर वाकवलं, तर पाय बदकासारखे फाकले. दांडी ठोकली, तर सायकलच तिरपी झाली. मागचा ब्रेक आडवा येत होता, तो काढूनच टाकला. विज्ञान शिकवत होतो बरं का मी!

मग डोकं चाललं. उजवीकडं गर्दी आहे ना? मग अख्खं इंजिनच फिरवून उलट्या तोंडानं बसवलं. साखळी आली डावीकडं. घासणं नाही, अडणं नाही! लगेच अकोल्याला सांगावा धाडला.

मामाजी नारळ घेऊन आले. गल्ली जमली. सायकल स्टँडवर उभी करून मी दोरी ओढली. फट्‌ फट्‌ फट्‌! मागचं चाक गरगरा फिरायला लागलं. टाळ्या!

तेवढ्यात कुसुम, आमची बायको, ओरडली, "अवो, चाक उलटं फिरून राह्यलं!"

मी गालातल्या गालात हसलो. "अवं, जोरात फिरनारं चाक डोळ्याले उलटंच दिसते. सिनेमातल्या टांग्याचं पाह्यलं नाई काय?"

"पन तुमी एक डाव वाकून पाहा ना!"

"तू जा, चहा ठेव!"

फाटकाकडं तोंड करून मी ऐटीत बसलो, स्टँड काढला… आणि सायकल निघाली घराकडं! पाठमोरी! मागं उभे असलेले मामाजी नारळासकट ओट्यावर उडाले. मला वाटलं, जोर कमी पडतोय. म्हणून आणखी पेट्रोल सोडलं! पेडलंही उलटी फिरत माझ्या नडग्या सोलून काढत होती.

"ब्रेक दाबा, जवाईबुवा, ब्रेक!" मामाजी किंचाळले.

कुठला ब्रेक? पुढचा दाबला, तर हँडलच आडवं झालं. न्हाणीचा तट्ट्या फोडून मी सायकलसकट अळूच्या चिखलात जाऊन बसलो. इंजिन आपलं चालूच!

कुसुमनं येऊन वायर उपटली. मामाजी ओट्यावरून उतरले. आधी माझ्याकडं पाहिलं, मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाई, पोरगा पुढं जाईन म्हून म्या तुले देल्ली. चुकलं माह्यं!"